साग, युरिया आणि निकम सर

निकम सरांची आणि माझी ओळख एका मळक्या रुमालामुळे झाली. सुरतेच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी फर्मावलं, "घराजवळच्या झाडाची दहा पानं ओल्या रुमालाने पुसा आणि रुमाल न धुता घेऊन या." आमचं घर उधन्याला, वडील कापडाच्या लूमवर कामाला. दारातल्या बदामाची पानं पुसता पुसता रुमाल काळाकुट्ट झाला आणि आईने मला फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सर तो रुमाल वर्गाला दाखवून म्हणाले, "बघा, हिच्या दारचं झाड यातून श्वास घेतंय." तेव्हापासून मी त्यांच्यामागे लागले, ती लागलेच.

गिरण्यांचा धूर जंगलावर उतरला की मातीचं काय होतं आणि मातीचं बिघडलं की झाडाचं काय होतं, हे शोधण्यात सरांनी उभी हयात घालवली. मूळचे धुळ्याकडचे असल्याने माती बोटांत चुरल्याशिवाय त्यांना चैनच पडत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल समोर असला तरी ते चुरणारच. आम्ही मागून हसायचो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मी संशोधनाला त्यांच्याकडे आले तेव्हा वडिलांनी साफ सांगितलं, मुलीने जंगलात जायचं नाही. सर त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, घेऊन घरी आले. "कशी शेस, बहीण?" म्हणत त्यांनी आईशी आमच्या खानदेशी अहिराणीतच गप्पा सुरू केल्या. चहा संपेपर्यंत वडील मला जंगलात कोणते बूट बरे, ते सांगू लागले होते.

आता मुद्द्याचं लिहिते. कडोदऱ्याच्या पुढे, धूर जिकडे वाहतो त्या बाजूला, सरांच्या निरीक्षणातला सागाचा एक पट्टा होता. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या होत्या. त्या पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडू लागली. मला बघवेना. आम्हा खानदेशी माणसांच्या हाडात एक गोष्ट मुरलेली आहे: कपाशी पिवळी दिसली की युरिया टाकायचा. सर नात्यातल्या एका लग्नाला गावी गेले होते. मी कामरेजहून युरिया आणला आणि बारा झाडांच्या बुंध्यांशी टाकून मोकळी झाले. प्रयोगातल्या झाडाला हात लावायचा नसतो, हे मला घरी परतल्यावर आठवलं. धन्य माझी अक्कल!

सर आल्यावर मी रडत रडत सगळं सांगितलं. तीन वर्षांचं काम मी मातीत घातलं होतं आणि माझी पीएच.डी. संपल्यातच जमा होती. सरांचा चेहरा उतरला. मग वही उघडून विचारलं, "कोणती झाडं? किती टाकलास? कोणत्या दिवशी?" सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "ही बारा झाडं आता वेगळी मोजायची. आणि एकही आकडा गोड करायचा नाही."

आम्ही मोजत राहिलो. ती झाडं आधी हिरवीगार तरारली आणि मग इतरांहून वाईट झाली. पानांच्या कडा करपल्या, किडीने चाळण केली. सरांनी उलगडून सांगितलं, "धुरातून नत्र यांना पोटभर मिळतंच आहे. पानं पिवळी पडली ती धुरातल्या आम्लाने मातीतला चुना नि मॅग्नेशियम धुऊन गेल्याने. जेवून उठलेल्याला तू पुन्हा बासुंदी वाढलीस." बाकीच्या पट्ट्यावरून जे नुसतं वाटत होतं, ते या बारा झाडांनी उघड दाखवलं.

सरांचं नाव झालं ते याच कामामुळे. अहवालात 'युरिया दिला' एवढंच आहे. कोणी दिला ते नाही, कारण तेव्हा माझं नाव आलं असतं तर माझं शिक्षण थांबलं असतं. पुढे प्रत्येक सभेत कोणी युरियाच्या कल्पनेचं कौतुक केलं की सर म्हणायचे, "ती माझी नव्हे." लोक त्याला विनय समजून टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत, मान खाली घालून. आता मी स्वतः प्रयोगशाळा चालवते, तरी आजवर ती लाज गेली नव्हती.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात खरं लिहू का, असं मी त्यांना विचारलं. ते मनापासून हसले. "लिही गं. नाहीतर तुझी ती बारा झाडं डोक्यावर घेऊनच मला वर जावं लागेल."

सर, ओझं आज मी उतरवून घेतलं. आता वर जायच्या गोष्टी नकोत. गुडघे सांभाळा, काकूंचं ऐका, खणखणीत तब्येतीने शंभरी गाठा. आणि सभेत पुन्हा कोणी विचारलं, "कल्पना कोणाची?" तर माझं नाव मोठ्याने घ्या. मी पहिल्याच रांगेत बसलेली असेन, मान वर करून.