आठव्या घंटीनंतरचा माणूस

आमच्या पंपांच्या कंपनीत टेलिफोन एक्स्चेंज सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मुनी म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. मी तिथली ऑपरेटर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू, आणि हे जिन्याखालच्या खोलीत दोनशे एक्स्टेंशनच्या तारांमध्ये तोंडाला कुलूप लावून बसलेले. कुणाचा फोन बंद पडला की यायचे, डबी उघडायचे, तारा चिमटीत धरून बघायचे, ‘झालं’ म्हणायचे आणि जायचे. एकवीस वर्षांत त्यांच्या तोंडून दुसरा शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. डबा ते खोलीतच खायचे, भिंतीकडे तोंड करून. मी त्यांना भाऊ म्हणायचे, पण खरं सांगायचं तर एकदाही खाली जाऊन बसले नव्हते. मला गप्प माणसांचा रागच येतो.

नवीन मॅनेजर आले आणि त्यांच्या हाती गिऱ्हाइकांची पत्रं पडली. ‘पंप अजून बंदच आहे, पण तक्रारीच्या फोनवर तुमचा माणूस फार शांतपणे ऐकून घेतो.’ असली चार पत्रं! मॅनेजर चक्रावले. तक्रार विभागात टेबलं दोन. पहिल्यावर चार घंट्या, मग दुसऱ्यावर चार, तरी कुणी उचलला नाही तर फोन कट, अशी एक्स्चेंजची मांडणी. आणि त्या दोन टेबलांवरचे दोन महाभाग कसे बोलतात ते सगळ्या इमारतीला ठाऊक. शांतपणा त्यांच्यावर ढकलणं म्हणजे बिचाऱ्यांवर अन्यायच.

“फोन भलतीकडेच जातायत. बिघाड शोधा,” मॅनेजर मला म्हणाले. मी मुनींना सांगितलं.

त्यांनी तीन दिवस बिघाड शोधला. कपाटाएवढं ते मशीन उघडलं, एकेक कार्ड बाहेर काढून पुसलं, परत बसवलं. एक आख्खी केबल बदलली. मी मूर्खासारखी टॉर्च धरून उभी. शेवटी रजिस्टरमध्ये वळणदार अक्षरात लिहिलं, ‘दोष आढळला नाही.’

माझ्या मनात पाल चुकचुकली. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या मोबाइलवरून तक्रारीचा नंबर फिरवला. चार घंट्या. आणखी चार. मग खट्ट झालं आणि आवाज आला, “बोला, ऐकतोय.”

माझी वाचाच बसली. पलीकडे त्यांना वाटलं, गिऱ्हाईक बिचकलंय. “घाई नाही. तुम्ही पहिल्यापासून सांगा, मी लिहून घेतो. पाणी येतंय का थोडं तरी?” इतकं मऊ माझ्याशी घरातसुद्धा कुणी बोलत नाही.

मी फोन ठेवला आणि चोर पकडल्याच्या ऐटीत तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. ही माझी चूक. आधी खाली जायला हवं होतं.

मॅनेजर ओरडले नाहीत. “त्यांचा नंबर काढा आणि तिथे रेकॉर्ड केलेला निरोप लावा,” एवढंच म्हणाले. ते सांगायला मी खाली गेले. मुनींनी मान खाली घातली.

“दीड वर्ष झालं माझा नंबर जोडून,” ते मशीनकडे तोंड करून अडखळत म्हणाले. “पंपातलं मला काही कळत नाही, ताई. लिहून घेतो आणि चिठ्ठी तक्रारवाल्यांच्या टेबलावर ठेवतो. दिवसाला एखादाच फोन येतो.” मग म्हणाले, “तेवढा एक राहू दिला तर?”

“साहेबांनी सांगितलंय, भाऊ.”

त्यांनी टेबलावरच्या फोनवरून कोड दाबला आणि तक्रारीच्या यादीतून आपला दोनशे सतरा नंबर काढून टाकला. “झालं,” म्हणाले.

त्यानंतर मला घास गोड लागेना. आठवडाभराने दोन कप चहा घेऊन खाली गेले. ते कपात बघत बसले. जेवलात का? हो. मुलगी कशी आहे? बरी आहे. दहा मिनिटं मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता. माझ्यावर राग धरलाय, असं मला वाटलं. असणारच. पण मग माझंही डोकं फिरलं. कप उचलले आणि तरातरा वर आले. राग असेल तर तोंडाने सांगा, असं चार शब्दांत सुनावायचं म्हणून मी दोनशे सतरा दाबला.

पहिली घंटी पुरी वाजलीसुद्धा नाही.

“मीच आहे,” मी म्हटलं.

“ताई,” ते म्हणाले, “मगाशी आलात, फार बरं वाटलं. समोर कुणी बसलं की माझी जीभच उचलत नाही. पहिल्यापासूनच असं, ही गेल्यापासून तर जास्तच. फोनवर जमतं.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “मुलीचं विचारलंत ना तुम्ही? बरी आहे म्हणालो खरा. मला माहीत नाही हो. दोन वर्षं झाली, तिचा फोन नाही.”