बारेलालच्या बावीस शेपट्या

मला लिहिण्याची सवय नाही. पण नरहर केळापुऱ्यांबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि त्या वेळचा भोपाळच्या पिपलानी वसाहतीत उरलेला मी एकटाच.

१९५६ साली राजधानीबरोबर नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला आली, तिच्याबरोबर नरहरही आले. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. चार वर्षं झाली तरी नोकरी कच्चीच. मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचो.

वसाहतीच्या दूध केंद्रावर दूध बारेलाल अहीर घालायचा. धार काढताना म्हैस शेणाने भरलेली शेपटी झटकते आणि घाण दुधात पडते. तक्रारी वाढल्या तेव्हा दूध केंद्राच्या साहेबांनी हुकूम सोडला, की परदेशात गुरांच्या शेपट्या छाटतात तशा छाटा, नाहीतर आठ दिवसांनी दूध बंद. घाबरलेला बारेलाल नरहरांकडे आला. म्हशी बावीस होत्या. सुईने जागा बधिर करून तुम्हीच छाटा, म्हणाला.

नरहरांनी साफ नकार दिला. पावसाळ्यात माश्या हाकायला तू बसणार आहेस का, असं त्याला विचारलं आणि सरळ साहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेलो, पण दाराशीच थांबलो. शेपट्या न छाटता दूध स्वच्छ करून दाखवतो म्हणाले, आणि त्यासाठी तेच आठ दिवस मागितले.

साहेब म्हणाले, "आठव्या दिवशी घाण दिसली तर तुमच्या वरिष्ठांना लिहीन. नोकरी अजून पक्की नाही ना तुमची?"

"नाही साहेब. पण नोकरी गेली तर दुसरी मिळेल. शेपटी परत येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून नरहर पहाटे सायकलवरून गोठ्यात. शेपटीच्या गोंड्याचे केस कातरायचे, कास धुवायची आणि धार काढेपर्यंत शेपटी मागच्या पायाला सैल बांधायची. त्यासाठी बायकोच्या, सिंधूवहिनींच्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या. गाठ अशी, की एका ओढीत सुटावी.

"भैंस को साड़ी पहना रहे हो, बाबूजी," बारेलाल म्हणाला.

पाचव्या दिवशी लाथ बसून अंगठा सुजला. सहाव्या दिवशी अंगठ्याला पट्टी बांधून नरहर हजर.

आठव्या दिवशी साहेबांनी स्वतः पांढऱ्या फडक्यातून दूध गाळलं. फडकं उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग बारेलालचं दूध चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली.

नरहरांची नोकरी पुढच्या वर्षी पक्की झाली. ही हकिगत त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. बारेलालचा नातू मात्र आजही नव्या गड्याला पहिल्या दिवशी ती गाठ शिकवतो. "नरहरबाबू की गाँठ" म्हणतात तिला. मी त्या गोठ्यावरून जातो तेव्हा म्हशी निवांत शेपटीने माश्या हाकत असतात, आणि मी जरा ताठ चालतो.