वर महामार्ग, खाली आम्ही

शहाडला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात मी गाड्यांचं काम बघते. गाडी कुठून निघाली, कुठे पोचली, कधी खाली होणार, हे फोनवर विचारायचं आणि ज्याचा माल त्याला कळवायचं. राहायला डोंबिवलीत, कोपरला. लग्नानंतर या नोकरीला चिकटले ती चिकटलेच. पण आमच्या बहुतेक ड्रायव्हरांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. गाड्या वापीला भरतात आणि अंबरनाथला कारखान्यात खाली होतात. आमच्या ऑफिसच्या गल्लीत टेम्पोसुद्धा जपून घालावा लागतो.

त्या ड्रायव्हरांतले एक काका साताऱ्याकडचे. कागदाची मोठमोठी रिळं आणायचे. जुन्या रस्त्याने यायचे तेव्हा त्यांचे दिवसातून चार-पाच फोन ठरलेले. मनोर सोडलं की एक, घोडबंदरला एक, आणि माजिवड्याला तर हमखास. दिवसा अवजड गाड्यांना ठाण्यात बंदी असायची, मग काका कुठेतरी कडेला गाडी लावून बसायचे आणि मला फोन करायचे. "ताई, अडाकलो बघा." त्या अडकण्यात आम्ही काय काय बोललो! त्यांच्या मुलीचं लग्न मी फोनवरच ऐकलं. माझ्या मुलाची दहावी त्यांनी फोनवरच पार पाडली. त्यांचा आवाज घोगरा, भरदार. मी मनात एक उंच, धिप्पाड, मोठ्या मिशांचा माणूस धरून ठेवला होता.

मग नवा महामार्ग झाला. केंद्र सरकारने देशभर असे महामार्ग आखले, त्यातलाच एक आमच्या कल्याणच्या मागच्या बाजूने गेला. आमच्याकडचा तुकडा सुरू झाला आणि ऑफिसात सगळेच गोंधळले. गाडी निघाली म्हणून फोन यायचा, आणि मी ती अजून गुजरातच्या हद्दीतच असेल असं धरून बसायचे, तेवढ्यात कारखान्याच्या गेटवरून फोन यायचा: "मॅडम, गाडी आली आहे, पण आमची माणसं उद्याची सांगितलेली आहेत." लवकर आल्याबद्दल मी माफी मागायचे. उशिराबद्दल मागायची सवय होती, लवकर आल्याबद्दल कशी मागायची ते कळायचं नाही. काकांचे फोनही एकावर आले. "आता मधी थांबाया जागाच न्हाई, ताई. नुसता रस्ता."

त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज वेगळाच होता. मागचा टायर फुटला होता. गाडी कडेला घेतली होती, पण बदलायला हातात जोर नव्हता.

"काका, जेवलात का?"

"कुठं जेवतोय? जुन्या रोडला धाबा होता आपला. हितं मैलोन्‌मैल काय न्हाई. गोळी मातर घेतली सकाळची."

त्यांना साखरेचा त्रास आहे हे मला माहीत होतं. गोळी घ्यायची आणि खायचं नाही, म्हणजे साखर उतरते आणि माणूस कोसळतो, तेही माहीत होतं. माझ्या वडिलांचं तेच झालेलं. मी विचारलं, तुम्ही आहात कुठे?

"काय कळंना बघा. मगाशी एक नदी लागली. आता दोन्ही बाजूंनी शेतं."

त्यांनी फोनवरून जागा पाठवली. नकाशात ठिपका एका हिरव्या पट्ट्यात होता, आजूबाजूला काहीच नाही. महामार्गाच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला, तर गाडी पाठवतो म्हणाले, पण कधी ते सांगेनात. कंपनीचे शेठ लग्नाला सांगलीला गेलेले. शेवटी नवऱ्याला फोन केला. त्याची त्या दिवशी सुट्टी होती.

"अगं, त्या हायवेवर बाईक सोडत नाहीत," तो म्हणाला.

"मग खालून जाऊ. जाऊ तर खरं."

तो बाईक घेऊन शहाडला येईपर्यंत मी ऑफिसखालच्या दुकानातून बिस्किटं, केळी, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. माझा डबा अजून उघडलेला नव्हता, तोही घेतला. मुरबाड रोडने निघालो, रायत्याचा पूल ओलांडला आणि आत वळलो. मग सुरू झाला खरा गोंधळ. महामार्ग समोर दिसत होता, मोठ्या भिंतीसारखा आडवा. त्याच्यापर्यंत जाणारा प्रत्येक रस्ता त्याच्याखालून पलीकडे निघून जायचा. आम्ही एका बोगद्यातून गेलो, दुसऱ्यातून परत आलो. ठिपका कधी आमच्या उजवीकडे, कधी डावीकडे. नवरा दोनदा म्हणाला, "इथूनच तर गेलेलो ना आपण?" मला सांगता येईना.

एका शेताच्या बांधावर एक बाई गवताचा भारा बांधत होती. तिला विचारलं, वर जायला वाट कुठून?

"वाट नाय वर जायला," ती म्हणाली. "आमचंच अर्धं शेत तिकडं राहिलं, आम्हीच फिरून जातो. तुमचा ट्रक तो का? कधीचा उभा आहे."

तिने हात केला तिकडे पाहिलं. वर कठड्यापाशी ट्रकचं मागचं टोक दिसत होतं आणि शेजारी एक बारीक, ठेंगणा माणूस, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मिशी नव्हतीच. मी हाक मारली, "काका!" वरून गाड्यांचा असा आवाज की त्यांना काही ऐकू जाईना. ते नुसते खाली बघत राहिले. मग मी फोन लावला. त्यांनी तो कानाला लावलेला मला दिसला.

"काका, खाली बघा. हिरवा ड्रेस. मी आहे."

"ताई, तुमी? तुमी तर लहान दिसताय की!"

हसावं की रडावं ते मला कळेना. इतक्या वर्षांनी समोरासमोर आलो होतो आणि बोलत होतो फोनवरच. त्यांचा आवाज कानात यायचा आणि ओठ तिकडे वर हलायचे. तो आवाज त्या माणसाचा वाटेचना.

भराव उभा, दगडांनी बांधलेला, वर तारेचं कुंपण. नवऱ्याने चढायचा प्रयत्न केला, पण तो अर्ध्यातून घसरून आला. तेव्हा काकांनाच सुचलं. ताडपत्री बांधायचा दोर त्यांनी कुंपणावरून खाली सोडला. मी सगळं एका पिशवीत भरलं, त्या बाईने स्वतः गाठ मारली, आणि काकांनी पिशवी हळूहळू वर ओढली. दोर थोडा ओढला की ते थांबायचे, कठड्याला टेकायचे. मध्येच पिशवी कुंपणाला अडकली. मग सुटली.

"आधी केळं खा," मी फोनवर ओरडले. "मग बिस्किटं. डबा सावकाश."

ते ट्रकच्या सावलीत बसून खाऊ लागले, म्हणजे मला दिसेनासे झाले. फोन चालूच होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "भाजी बरी हाय. मीठ कमी." तेव्हा कुठे मी बांधावर टेकले.

नंतर महामार्गाची गस्तीची गाडी आली. इथे थांबायचं नसतं म्हणून ते लोक आधी काकांना रागावले, मग त्यांनीच टायर बदलून दिला. ट्रक हलला. काकांनी खिडकीतून हात काढला आणि दोन मिनिटांत ते दिसेनासे झाले. आम्ही मात्र मुरबाड रोडला लागेपर्यंत आणखी दोनदा चुकलो. त्या संध्याकाळी माल अंबरनाथला खाली झाला, आणि कारखान्याच्या मॅनेजरने गाडी वेळेत आल्याबद्दल माझे आभार मानले.

शेठ तर नव्या रस्त्यावर खूश आहेत. एकाच गाडीच्या जास्त खेपा होतात, म्हणून त्यांनी आणखी कामं घेतली. खेपांचं वेळापत्रक मीच लावते. आता ड्रायव्हरांना सांगते, निघतानाच डबा बरोबर घ्या. काका घेतात. पण मध्यंतरी त्यांनी विचारलं, "ताई, रस्ता तर लवकर संपतोय. मग मी घरला कमी का जातोय?"

मी म्हटलं, "खेपा वाढल्या ना, काका."

"व्हय, ते हाय. पण मग लवकर पोचून काय झालं?"

माजिवड्याला ते तासन्‌तास ताटकळायचे तेव्हा मी रस्त्याला शिव्या घालायचे, आणि आता कुणी विचारलं की नवा रस्ता बरा आहे का, तर मी हो म्हणते आणि म्हणताना अडखळते. काकांना मी म्हटलं, या गणपतीत तुमची एक खेप दुसऱ्याला देते, गावी जाऊन या. ते म्हणाले, शेठला विचारा आधी. शेठना मी अजून विचारलेलं नाही. उद्या विचारेन म्हणते.