पार्ट बोटीवर आहे

आत्याला नाही, शाळेतल्या सोबतिणींना नाही, देवापुढे डोळे मिटून बसले तेव्हासुद्धा नाही — हे मी कुठेच बोललेले नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जरा सोपं जातंय.

गोष्ट तशी एका मोटारीची. निदान इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले.

एकोणीसशे तिसाच्या आसपासचे दिवस. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला, भावाने पुण्याला ठेवून शिकवलं, आणि रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली तशी बहिऱ्या आत्याला घेऊन मी इथे राहायला आले. गावात दाऊदची मोटार होती. अमेरिकन, हॅलिस्टर नावाची. वर कापडी टप, चाकांना लाकडी आरे. चौलवरून अलिबागपर्यंत तो उतारू नेई. तो तिला 'हालिस्तर' म्हणायचा. मी एकदा उच्चार सुधारून दिला, तर पुढे मला बघितलं की मुद्दाम चुकीचाच करायचा.

शाळेच्या कामाने मला अलिबागला जावं लागे. मी मागे बसायची, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. तो मान न वळवता बोलत राहायचा. आणि मी काय बघत होते? त्याची मान. कानामागचा तीळ. एवढंच. याच्यापुढे काही घडलं नाही, घडणारही नव्हतं — मी बामणाची विधवा, तो कोकणी मुसलमान. पण 'काही घडलं नाही' असं म्हणताना माझा आवाज अजून नीट लागत नाही.

मग एक दिवस चौलच्या चढावर मोटार थांबली ती थांबलीच. मागच्या चाकांना फिरवणारं दातेरी चक्र आतल्या आत मोडलं होतं. अलिबागेत तसलं मिळेना. दिवाळीच्या सुट्टीत मी बहिणीकडे मुंबईला निघाले, तेव्हा तो अंगणात येऊन उभा राहिला.

"बाई, हालिस्तरच्या दुकानात तेवढं इचारून याल? पार्ट भेटत आसंल तर थांबतो. न्हाय तर आफ्रिकेला जातो. मामू बोलावतोय, दुकान सांभाळायला. पोरगी पन मलाच द्यायची म्हनतो."

मी विचारलं. खरंच विचारलं. दुकानाला कुलूप होतं. शेजारचा पहारेकरी म्हणाला, कंपनी बुडाली. अमेरिकेतला कारखानाच बंद पडला, या नावाची गाडी आता कुणी बनवणार नाही. उरलेले पार्ट भंगारात गेले. जगात एवढी मंदी, तिथे एका मोटारीचं काय. मी दाराच्या काचेतून आत पाहिलं. भिंतीवर ते नाव अजून तसंच होतं, सोनेरी अक्षरांत.

परतीच्या आगबोटीत मी काय ठरवत होते — हे तुम्हाला सांगायलाच हवं ना? दाऊद धक्क्यावर उभा होता. मी उतरले आणि म्हणाले, "पार्ट बोटीवर आहे. अमेरिकेहून निघालाय."

त्याचं मन मोडवेना, असं मी पुढे कितीदा मनाशी म्हटलं. ते खरं नाही. मोटार मेली हे कळलं असतं तर तो गेला असता. मोटार चालू झाली असती तर दिवसभर रस्त्यावर असता. वाट बघणारा माणूस मात्र माझ्या अंगणात येणार होता. हे मला ठाऊक होतं. आगबोटीतच ठाऊक होतं.

आणि तो येऊ लागला. बंदराला बोट लागली की माझ्या ओटीच्या पायरीखाली उभा. "काय खबर, बाई?" मी त्याला पाणी द्यायची, वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून. तेवढं सोवळं मी नीट पाळत होते. दुकानाचं पत्र आलं म्हणून कधी वादळ सांगायची, कधी मुंबईच्या गोदीतली अडवणूक. एकदा तर शाळेतला जगाचा नकाशा ओटीवर पसरला आणि बोटीचा रस्ता दाखवला. तो वाकून बघत राहिला. माझ्या बोटामागून त्याचं बोट निळ्या समुद्रावरून चाललं होतं. त्या दुपारइतकी सुखी मी कधी नव्हते — आता लपवून काय करू?

खाऱ्या हवेने मोटार गंजली. टप फाटला. दुसऱ्या कुणी नवी लॉरी आणली, उतारू तिकडे गेले. मामूने वाट पाहिली आणि दुकान आणि मुलगी, दोन्ही दुसऱ्या भाच्याला दिली. ते दाऊदनेच मला सांगितलं, त्याच पायरीखाली उभं राहून. "बरं झालं म्हना. मी तिकडं आन पार्ट हिकडं, आसं झालं आसतं."

तेव्हा बोलता आलं असतं. मी विचारलं, अजून पाणी हवं का?

शेवटी तो मोठ्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला गेला. चाळिशीला टेकलेला माणूस, पोरांच्या कामाला. निघताना धुतलेला सदरा घालून आला. "पार्ट आला तर धाकट्या भावाकडं द्या. गाडी इकू नको म्हनून सांगून ठेवलंय त्याला."

"देते," मी म्हणाले.

भाऊही तसाच शब्दाचा. बोट लागली की फाटकाशी येऊन विचारायचा. अजून नाही आला, असं मी सांगायची. मग सहज विचारल्यासारखं करून विचारायची, दाऊद कसा आहे. तो सांगायचा. मी ऐकून घ्यायची.