दोन्ही हातांत कपबशी

कुंदाला मी शेवटची भेटले, तेव्हा ती सांगलीतल्या तिच्या घरी खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. बोलताना धाप लागत होती. तब्येतीचं विचारलं, तर हात हलवून तिने तो विषय बाजूला सारला. म्हणाली, "बाई, फलटणच्या त्या मेधाने कुणाला उत्तर दिलं का हो?" मी म्हटलं, "तिच्यानंतर कुणी नवं आलेलंच नाही अजून." "येईल. तोवर बाकीच्यांना गप्प ठेवा म्हणजे झालं." त्याच आठवड्यात कराडहून तानाजीचा फोन आला. "बाई, कुंदाताई गेल्या," तो म्हणाला.

रेवा, निखिल, तुमच्या या आजीची पत्रं तुम्हाला संगणकावर मिळतात ती कुणामुळे, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आता क्रमाने सांगते.

तुम्ही परदेशी गेलात तेव्हा मी साताऱ्याच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. तुमच्या बाबांचा जुना संगणक घरात झाकून पडला होता. कुंदा माझी विद्यार्थिनी, सांगलीच्या कॉलेजात संगणक शिकवायची. तिने त्यावर लिनक्स घालून दिलं, म्हणजे संगणक ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्राम. ते कुणा एका कंपनीचं नाही; जगभरची माणसं मिळून लिहितात, कुणीही फुकट घ्यावं, जमेल त्याने सुधारावं. सातारा, कराड, सांगलीकडच्या अशा हौशी लोकांचं एक मंडळ होतं आणि त्यांची ईमेलची एक यादी. एकाने लिहिलं की सगळ्यांना मिळायचं. त्यात तिने माझंही नाव घातलं आणि ती सांगलीला परत गेली. दुसऱ्या दिवशी मी यंत्र सुरू केलं, तर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक खूण. पोवई नाक्यावर नवीन सायबर कॅफे निघालं होतं, तिथे जाऊन मी यादीवर विचारलं, बिघडलं का? सांगलीच्या श्रीकांत नावाच्या इंजिनिअरचं उत्तर आलं, 'आधी माहितीपुस्तिका वाचा.' आणि ती पुस्तिका होती त्या काळ्या पडद्याच्या आत. आणखी कुणीतरी खाली हसण्याची खूण टाकली होती. माझ्याआधीही कितीतरी जण असा एकेक प्रश्न विचारून निघून गेले होते, हे मला नंतर कळलं. मीही निघालेच होते. नातवंडांना टपालाने लिहीन म्हटलं, उशिरा का होईना, पोचेल.

रविवारी कुंदा एसटीने साताऱ्याला आली ती त्या श्रीकांतलाच बरोबर घेऊन. तो खुर्चीवर बसला, टकटक काहीतरी केलं आणि म्हणाला, "झालं." कुंदा म्हणाली, "तुझं झालं. बाईंचं काय?" मी चहा आणला होता. तिने त्याला उठवून स्टुलावर बसवलं, मला खुर्चीवर. मग त्याच्या एका हातात कप दिला, दुसऱ्या हातात बशी. "आता तोंडाने सांग. हात रिकामा करायचा नाही."

"ताई, गार होईल."

"होऊ दे. प्यायचा कुठे आहे? धरायचा आहे."

तो सांगत गेला, मी एकेक अक्षर शोधत गेले. चहाचं पाणी झालं... पण तुम्हाला पहिलं पत्र गेलं ते त्या दुपारी, सगळंच्या सगळं कॅपिटल अक्षरांत.

त्यानंतर कुंदाने यादीवर रीत घातली. नव्याच्या प्रश्नाला पहिलं उत्तर द्यायचं ते त्याच्या आधी जो सगळ्यात शेवटी आला त्याने. जाणत्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. श्रीकांतने विचारलं, "आणि बाईंनी चुकीचं सांगितलं तर?" ती म्हणाली, "तर दुरुस्त कर. पण कुठे अडतं ते बाईंना आठवतंय. तू विसरलायस."

पुढचा नवा तानाजी, कराडजवळच्या साखर कारखान्यात कामाला. रोमन अक्षरांत मराठी लिहून त्याने विचारलं होतं की आमचा कॉम्प्युटर गप बसलाय. मी परीक्षेतल्यासारखं मुद्देसूद उत्तर लिहिलं. एक पायरी चुकली. ती श्रीकांतने सुधारली आणि खाली लिहिलं, 'बाकी बाईंचं बरोबर.' तानाजीने फोनच केला. "आवं बाई, बोलाया लागला की. मला वाटलं, हसत्याल सगळी."

"मला हसले होते."

"व्हय? मग लय बरं झालं, तुमीच भेटला."

तो टिकला. मीही टिकले.

कुंदा गेल्यावर यादीवर शोकाचे निरोप येत राहिले, मग ओसरले. परवा सकाळी विट्याच्या एका नव्या माणसाने विचारलं... काळा पडदा, बिघडलं का? दुपार झाली तरी कुणाचं उत्तर नाही. तानाजीचा फोन आला, "बाई, लिवू का मी?"

"थांब. मेधा लिहील."

"आन् न्हाई लिवलं तर? आता सांगाया ताई न्हाईत."

मेधा शाळेत शिकवते, बुजरी आहे, यादीवर स्वतःच्या प्रश्नापलीकडे कधी बोललेली नाही. मी चहा केला. कप एका हातात, बशी दुसऱ्या हातात घेऊन पडद्यासमोर बसले. उत्तर मला पाठ होतं. चहावर साय धरली.

दिवेलागणीला मेधाचं उत्तर आलं. 'घाबरू नका, माझंही असंच झालं होतं,' अशी सुरुवात होती. मधली एक पायरी राहून गेली होती. दुसऱ्या दिवशी श्रीकांतने ती भरली आणि खाली लिहिलं, 'बाकी मेधाताईंचं बरोबर.' पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी मेधाचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि तो गार चहा सगळा प्याले.