झोळीतली गोळी

"म्याडम, आईला भरती करून घ्या. तिची नशा सोडवायची हाय," बसवराज म्हणाला.

त्याची आई शरणम्मा माझ्यासमोर शाल गुंडाळून बसली होती. भर उन्हाळ्यात, मुडबीहून बसनं येऊन, वर शाल! हातावर काटा, नाकाला धार, जांभयांवर जांभया. ओपीडीत नंबर लागेपर्यंत दोनदा संडासला जाऊन आली होती.

मी भूल देणारी डॉक्टर. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली. रिटायर झाल्यावर बीदरला, मैलूरमध्ये घराजवळच दुखण्याची ओपीडी सुरू केली. ऑपरेशन होऊनही ज्यांचं दुखणं जात नाही, असे पेशंट माझ्याकडं येतात. शरणम्माच्या कमरेचं ऑपरेशन झालं, पण एक नस दुखावली ती दुखावलीच. कित्येक वर्षं ती माझ्या चिठ्ठीवर ट्रामाडॉल घेते. ही अफूच्या नात्यातली गोळी, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. तेवढ्यावर ती ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकते. तिच्या भाकऱ्या नसल्या तर मुडबीत लग्नाची पंगत बसत नाही म्हणा ना.

"अक्का, गोळ्या कधी बंद केल्या?"

तिच्याआधी बसवराजच बोलला. "परवा. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितला म्याडम. ही गोळी ड्रग हाय म्हणं. म्हणलं आई, तू तर दारुड्यांच्या वरताण झालीस. तेवढ्यात अप्पांची झोळी आली गावात."

झोळीचं सांगायला पाहिजे. आमच्या भागात मठाचे अप्पा, म्हणजे स्वामी, खांद्याला झोळी अडकवून गावात येतात. पीठ मागत नाहीत, पैसे मागत नाहीत. व्यसन मागतात. ज्यानं त्यानं आपली तंबाखू, आपली बिडी चारचौघांत झोळीत टाकायची आणि पुन्हा शिवणार नाही असा शब्द द्यायचा. चांगली रीत आहे. कितीतरी संसार तिनं वाचवलेत.

"मी पण टाकली," शरणम्मा म्हणाली. "पाकिटंच्या पाकिटं टाकली. सारं गाव बघायलं होतं. आता मेले तरी घेणार न्हाई."

माझं टाळकंच सरकलं. "कामून रे, डॉक्टर कोण हाय? मी का तुझा मोबाइल?"

"मग ही अशी कामून करायली? घाम, थरथर. व्यसन नसताना असं व्हतंय का?"

राग आला होता, पण प्रश्न रास्त होता. शिकलेली माणसंही इथंच घोटाळा करतात. रोज एखादी गोळी पोटात गेली की शरीर तिच्या हिशोबानं बसतं. एकदम काढून घेतली की ते बोंब मारतं. घाम, जुलाब, झोप उडणं. याला विथड्रॉवल म्हणतात, आणि शरीराच्या त्या सवयीला डिपेंडन्स. काही बीपीच्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी शरीर असंच उसळतं. तिथं कुणी नशा म्हणत नाही. व्यसन, म्हणजे ॲडिक्शन, वेगळं. त्यात मन गोळीच्या मागं धावतं. माणूस जास्त घेतो, खोटं बोलतो, घरदार बुडालं तरी सोडत नाही. एकातून दुसरं होऊ शकतं, म्हणून मी प्रत्येक खेपेला खोदून विचारते.

त्या दिवशीही विचारलं. "अक्का, सांगितल्यापेक्षा जास्त कधी घेतली? दुसऱ्या डॉक्टरकडून आणली?"

"न्हाई वो."

"गोळी घेतली की काय करता?"

तिला प्रश्नच कळेना. "काय करते म्हंजे? पीठ मळते."

"ऐकलंस?" मी बसवराजला म्हणाले. त्याचा चेहरा उतरला.

पण गोळी पुढं केली तर शरणम्मानं तोंड फिरवलं. "तव्यापुढं बसवत न्हाई म्याडम. कंबर तुटायली. भाकऱ्या बंद कराव्या लागतील, करते. पण शब्द मोडला तर गावात तोंड कसं दाखवू?" आणि ती रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. बाईनं काहीच चूक केली नव्हती, आणि शिक्षा मात्र चालू होती.

दुखण्यावर माझ्याकडं औषध होतं, शब्दावर नव्हतं. ते ज्याच्याकडं होतं त्याच्याकडंच जायला हवं. ओपीडी संपवली, दोघांना गाडीत घातलं आणि थेट मठात गेले. मी बुद्धविहारात जाणारी बाई, मठात काय बोलायचं याची जरा धास्तीच होती. पण अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग शरणम्माला एवढंच विचारलं, "अव्वा, ही गोळी कुणी दिली?"

"ह्या म्याडमनं."

त्यांनी झोळी आणवली. तंबाखू, बिड्या, गुटखा उपसून तळातून पाकिटं काढली. "मी व्यसन मागितलं, अव्वा. औषध मागितलं न्हाई. तुझा शब्द मोडला न्हाई, माझ्याच झोळीत चुकून पडलं. तगो, घे."

शरणम्मानं पाकीट कपाळाला लावलं. मी हो म्हटल्यावर एक गोळी मठाच्याच पाण्याबरोबर घेतली. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

अप्पांनी झोळी आवरली नाही. ती बसवराजपुढं धरली. "बघ, जागा रिकामी झाली."

त्याचे लाल दात मी सकाळीच बघितले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. बिचाऱ्यानं खिशातून गुटख्याच्या पुड्या काढल्या आणि टाकल्या.

शरणम्माचा डोस आता मी हळूहळू कमी करत आणलाय, जोडीला व्यायाम दिलाय. थोडी गोळी कदाचित कायमची लागेल. लागू दे. भाकऱ्या चालू आहेत.

मठातून आल्यावर थोड्याच दिवसांत बसवराजचा फोन आला. "म्याडम, डोकं फुटायलंय, झोप न्हाई, सगळ्यांवर वरडायलोय. मरतो का काय?"

"मरत न्हाईस. तुला डिपेंडन्स पण हाय आणि व्यसन पण हाय. ये, औषध देते. तोवर आईला विचार कसं वाटतं ते."

मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला, फोन स्पीकरवर असावा. शरणम्मा म्हणाली, "घाबरू नको लेकरा, जातंय ते. मी न्हाई तुला नशेबाज म्हणत."

भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून कुणी नातेवाईक पेशंटला व्यसनी म्हणत आला, की मी आधी त्याचेच दात बघते.