आमच्या घरचा पहारा

आमच्या घरात रायफल आली अन् त्या दिवसापासून आमी दोघं मिळून कुठी गेलो नाई. भाजी आणाले मी गेली तं हे घरी. हे पेन्शनसाठी बँकेत गेले तं मी घरी. नांदगाव खंडेश्वरले माह्या भाच्याचं लग्न होतं, तिथं मी एकटीच गेली अन् अक्षता न् जेवण झाल्याबरोबर पळत परत आली. काहून? तं घरात शस्त्र हाये, शस्त्राजवळ माणूस पायजे.

हे म्हणजे आमचे उत्तमराव. राखीव पोलिसात हवालदार होते. दलात यांच्या नेमाचं मोठं नाव. "उत्तम हवालदाराचा हात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा," असं यांचे साहेब म्हणत, अन् हे मले ते येता-जाता ऐकवत. दलातल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली मोडीत निघाल्या तवा हे घरी येऊन जेवलेच नाई. म्हणे, त्यातली एक मले इकत देली असती तं म्हातारपणी निशाणेबाजी तरी केली असती.

रिटायर झाल्यावर लायसनच्या मागं लागले. मले वाटलं, सायबाच्या दाराशी चकरा मारून थकतीन अन् नाद सुटन. कायचा सुटते? लायसन आलं. अमरावतीतच ओमप्रकाशजीचं बंदुकीचं दुकान हाये, तिथं मलेही संग नेलं, जशी काई साडीच घ्याची होती. ओमप्रकाशजी म्हणाले, "हवालदार साहेब, थ्री-नॉट-थ्री सरकारी बोअरची, ते तुमाले-मले मिळत नाई. पण ही पाहा, ऑर्डनन्स फॅक्टरीची तीनशे पंधरा. तिचीच लहान बहीण समजा." यांनी बोल्ट मागं ओढला, खट्कन आवाज आला, अन् यांचा चेहरा असा फुलला का मी लग्नातही तसा पाह्यला नव्हता. मलेही खरंच आनंद झाला. तिथंच मी फसली.

घरी लोखंडी कपाट भिंतीले बोल्टानं आवळून टाकलं अन् नियम सुरू झाले. दलात पहारा असते तसाच पहारा. एक संत्री जागेवर, अन् बदली आल्याशिवाय त्यानं जागा सोडाची नाई. आता दलात माणसं ढीगभर. इथं कोण? हे अन् मी. मी दळण घेऊन येता-येता शेजारच्या माणिकबाईच्या ओट्यावर जराशी टेकली का यांचा फोन, "इंदू, बदलीची वेळ झाली." माणिकबाई तोंडाले पदर लावून हसे. म्हणे, "जाय बाई, सरकारी नोकर तू." आधी आधी मलेही हसू ये. मंग ते येणं बंद झालं.

बरं, ज्याच्यासाठी आणली ते तरी कराव ना माणसानं? निशाणा माराले रेंजवर एकदा गेले. एकदाच. आले अन् म्हणाले, "तिथली जागा बराबर नाई. वारा आडवा येते." तवापासून रायफल कपाटात. रविवारी काढत अन् मलेच फडकं घेऊन बसवत. "तू पूस, तुह्या हाताले सफाई हाये." मी भाकरी थापणारी बाई, बंदुकीच्या नळीले तेल लावत बसली.

इलेक्शन लागलं का लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करा लागतात. मी तं वाटच पाहो. कोणीही निवडून येवो, इलेक्शन लागलं पायजे. लागलं एकदाचं. रायफल ठाण्यात गेली अन् मी बॅग काढली. म्हटलं, चाला आता अकोल्याले. आमची एकुलती एक पोरगी अपेक्षा तिथं देली हाये. तं हे म्हणतात, "ठाण्यातून कवा बोलावतीन, सांगता येते का?" कपाट रिकामं अन् पहारा सुरूच. मी बॅग तशीच परत माळ्यावर फेकली.

अन् यंदा अपेक्षाले दिवस गेले. पयलं बाळंतपण माहेरी करतात, पण तिचं बीपी वाढलं अन् डॉक्टरनं प्रवास बंद केला. फोनवर रडे पोरगी. "आई, तू इकडे येऊन राय. बाबालेही आण. मले भेव वाटते." मी यांना सांगतलं. हे म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जाय, संध्याकाळच्या गाडीनं ये." पोरीच्या कळा काय एसटीचा टाइम पाहून येतीन? तरी तशी मी जाऊन येत राह्यली. दरखेपी तिच्या हातातून हात सोडवा अन् संध्याकाळच्या गाडीत बसा. मूर्तिजापूर येईपर्यंत माह्ये डोळे थांबत नसत.

मंग त्या रायफलीचा बोल्ट अडकाले लागला. ते दुकानात दाखवाले आमी दोघं ऑटोत बसून गेलो. रायफल संगच होती मून जोडीनं जाता आलं. यांनी बोल्ट दाखवला, अन् मले राहावलं नाई. मी ओमप्रकाशजीजवळ सारं बोलून टाकलं, पोरीचं, गाडीचं, पहाऱ्याचं. ते माह्याकडं पाहतच राह्यले. म्हणाले, "भाभीजी, मी तं साहेबाले रेंजसाठी गोळ्या न्याले आले तवाच सांगतलं होतं, बाहेरगावी जाचं असलं का इथं जमा करत जा. दुकानाले परवानगी हाये. कितीक लोक ठेवतात."

मी यांच्याकडं पाह्यलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहून राह्यले होते.

तेवढ्यात चहा आला, कपबशीत, काठोकाठ. हे हात लावत नव्हते. ओमप्रकाशजीनं आग्रह केला तवा उचलली. बशी वाजाले लागली, अन् अर्धा चहा रायफलीच्या कव्हरवर सांडला. यांनी घाईनं कप ठेवला अन् दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तवा मले आठवलं का घरी हे चहा स्टीलच्या गिलासात मागतात, तोही अर्धाच. मी ते रोज देत होती अन् माह्या डोक्यात काई शिरत नव्हतं.

बाहेर पायरीवर मी इचारलं, "कवापासून?"

"रेंजवर गेलो त्याच्या आधीपासून," हे म्हणाले. "एक गोळी कागदाले लागली नाई, इंदू. मांगं सारे उभे राहून पाहून राह्यले होते. अकोल्याले आलो तं व्याही चहा देतीन. अपेक्षा लेकरू हातात देईन. घरात रायफल हाये म्हटलं का कोणी काई इचारत नाई. मले घरीच राहू दे."

मले इतका राग आला का तिथंच भांडाव वाटलं. माह्या घराचा जेल करून टाकला या माणसानं, अन् कायले? तं कोणी हात पाहू नये मून. अन् त्याच दमात यांचा कळवळाही आला. मी आत गेली अन् ओमप्रकाशजीले म्हटलं, "ठेवून घ्या रायफल."

हे मागून आले. हळूच म्हणाले, "बदली?"

"बदली नाई. पहारा उठला."

यांनी सही केली. सही वाकडीतिकडी झाली, अन् ओमप्रकाशजी भले माणूस, ते दुसरीकडं पाहाले लागले.

दुसऱ्या दिवशी आमी अकोल्याले पोचलो तवा अपेक्षाले दवाखान्यात नेलं होतं. दुपारी नात झाली. नर्स तिले कपड्यात गुंडाळून घेऊन आली अन् म्हणाली, "आजोबा कोण?" हे मागं सरले, हात पॅन्टच्या खिशात.

"धरा," मी म्हटलं.

"पाडीन मी, इंदू."

"बसा खाली. मी खालून हात लावते."

हे बाकावर बसले. मी यांच्या हाताखाली माह्ये हात देले अन् वर लेकरू ठेवलं. यांचे हात हालतच होते. यांच्या डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं होतं, अन् ते पुसाले हात मोकळा नव्हता. नातीले वाटलं असन कोणी झुलवून राह्यलं, ते झोपली. आतून अपेक्षानं इचारलं, "आई, संध्याकाळच्या गाडीनं जाशीन का?" मी म्हटलं, "नाई."